पुढची सीट मालिनीताईंची

मालिनीताई उपळेकर दर शनिवारी नवऱ्याला सायकलीला बांधून गुत्त्यात घेऊन जातात, ही बातमी जर्मनीतल्या आखनच्या मराठी मंडळात पसरायला फार वेळ लागला नाही. मंडळातल्याच संपदाने बसच्या खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणे. पुढे मालिनीताई, डोक्यावर पिवळंजर्द हेल्मेट. मागे आत्माराम, मान खाली, आणि त्यांचे दोन्ही पाय पट्ट्यांनी आवळलेले. बुर्टशाइड भागातल्या ज्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर उपळेकर राहतात आणि पहिल्यावर निशिगंधा, तिथे तर या बातमीला आणखी पानं फुटली. मालिनीताई बिअर प्यायला लागल्या. आणि ती लांबलचक सायकल कुठल्याशा मोडलेल्या संसारातून आली आहे.

आता खरं काय ते सांगून टाकायला हवं, नाहीतर कोणीतरी आत्मारामांना सोडवायला पोलीस पाठवायचं. बांधलेलं कोणी कोणाला नव्हतं. पॅडलवरून पाऊल घसरू नये म्हणून पट्टा असतो, तो होता. बिअर म्हणाल तर एक ग्लास राडलर, ज्यात निम्मं लिंबूसरबतच असतं, आणि तोही आत्मारामच संपवतात. मोडलेल्या संसाराची गोष्ट मात्र शंभर टक्के खरी. ती टँडेम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल, मालिनीताईंनी सीमेपलीकडच्या फाल्स गावातल्या एका डच जोडप्याकडून घेतली. त्यांचा घटस्फोट चालला होता. सोफा, फ्रिज, कुत्रा, सगळ्याची वाटणी झाली आणि ही एकच वस्तू अशी उरली, की जी दोघांपैकी कोणालाच एकट्याला नको होती.

"ताई, असली वस्तू घरात आणू नये हो," निशिगंधा जिन्यात म्हणाली होती.

"त्यांचं एकमेकांशी पटलं नाही, सायकलीशी नाही," मालिनीताई म्हणाल्या. "आणि ब्रेक अगदी नवे आहेत गं."

मालिनीताई मूळच्या बार्शीच्या. माहेरी भावाची सायकल होती. लहानपणी एकदा ती गुपचूप चालवायला गेल्या आणि थेट भाजीवाल्याच्या वांग्यांच्या ढिगात शिरल्या. भाजीवाल्याने वडिलांना बोलावलं, वडिलांनी सायकलीला कुलूप घातलं, आणि तो विषय तिथेच संपला. पुढे लग्न झालं. आत्माराम आखनला पीएचडी करत होते, म्हणून त्याही आल्या. आत्माराम दातेरी चाकांच्या कारखान्यात चिकटले आणि मालिनीताई कपडे दुरुस्त करायच्या दुकानात. या गावातल्या निम्म्या पँटांच्या पायांची दुमड त्यांनी घातलेली आहे. कोणाची कंबर वाढली हे त्यांना डॉक्टरच्या आधी कळायचं. पण कधी कोणाला सांगितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. आमच्या इमारतीत असा मोठेपणा दुसऱ्या कोणाकडे नाही.

आत्मारामांची ओळख म्हणजे शनिवारची फेरी. ऑक्टोबर आला, की महाराष्ट्रातून नवी पोरं युनिव्हर्सिटीत दाखल व्हायची. खोली मिळालेली नाही, आनमेल्डुंगची, म्हणजे पत्ता नोंदवायची, तारीख मिळत नाही, दिवसेंदिवस लवकर अंधारून येतंय, आणि फोनवर आईला "सगळं मस्त आहे" सांगावं लागतंय. आत्माराम त्यांना शनिवारी बाहेर काढायचे. काही चालत, काही सायकलीवर. फेनबान नावाचा एक रस्ता आहे. पूर्वी तिथून आगगाडी जायची, आता रूळ काढून डांबर घातलंय. आखनच्या रोटे एर्डे स्टेशनापासून तो निघतो आणि कुरणांतून, पुलांवरून, झाडांच्या बोगद्यांतून हळूहळू वर चढत थेट पुढच्या देशात जातो. त्या रस्त्याने जायचं आणि वालहाइमच्या अलीकडे फ्राऊ क्लासेनच्या गास्टहाउसमध्ये टेकायचं. ज्याला बिअर हवी त्याने बिअर घ्यावी, ज्याला सफरचंदाचा सोडा हवा त्याने तो. बटाट्याचे राइबकूखन मात्र सगळ्यांनी खायचेच. राइबकूखन म्हणजे बटाट्याच्या किसाचं कुरकुरीत थालीपीठच. जर्मन लोक ते सफरचंदाच्या गोड गरासोबत खातात, त्याला आपला इलाज नाही.

मालिनीताई तिथे बसने यायच्या. मांडीवर डबा, डब्यात लसणाची चटणी. बाहेरचं खाणं गास्टहाउसमध्ये काढायचं नसतं, म्हणून चटणी टेबलाखालून फिरायची. पोरं खाली वाकून राइबकूखनला चटणी लावायची आणि सरळ बसून निरागस चेहऱ्याने खायची. फ्राऊ क्लासेनच्या हे लक्षात आलं त्या दिवशी ती काही बोलली नाही. एक रिकामी बशी घेऊन आली, वाकली, आणि ती टेबलाखाली मालिनीताईंच्या मांडीवर ठेवून निघून गेली. तेव्हापासून दोघींचं जमलं.

मग एका शनिवारी आत्माराम उतारावरची पायरी चुकले आणि ओढ्याच्या कडेला चिखलात बसले. पोरं हसली, तेही हसले. घरी आले, बूट काढले, आणि म्हणाले, "मालिनी, शनिवार बंद."

काचबिंदू. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण ते या दोघांत आणि कोलोनला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलात, ध्रुवमध्येच राहिलं होतं. समोरचं दिसायचं, अगदी स्वच्छ दिसायचं. पण कडा गेल्या होत्या. पायाखालचं जग नाही, बाजूचं जग नाही. एखादी नळी डोळ्याला लावावी तसं. गाडीचं लायसन्स त्यांनी स्वतःच देऊन टाकलं. पण लोकांना सांगायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

"मग विचारलं तर काय सांगू?"

"गुडघे सांग."

बिचाऱ्या मालिनीताईंनी गुडघे सांगितले. इथे या दोघांची मोठी चूक झाली. मराठी माणसाला एक वेळ दुसरं कुठलंही दुखणं सांगावं, पण गुडघे सांगू नयेत. महिन्याभरात उपळेकरांच्या बाथरूममध्ये तेलाच्या बाटल्यांची रांग लागली. कोणाच्या आईने कोल्हापूरहून पाठवलेलं, कोणाच्या काकांनी वैद्याकडून आणलेलं, कोणी सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून आणताना निम्मं साड्यांना पाजलेलं. ध्रुव सुट्टीत आला तेव्हा त्याने एक बाटली दाराच्या बिजागऱ्यांना वापरली. दार तेवढं छान चालायला लागलं.

गुडघ्यांमुळे फिरणं थांबलं हे लोकांना पटलं. पण मंडळाच्या दिवाळीत कोणी हात पुढे करायचं आणि आत्माराम तो न धरता नुसते समोर बघून हसायचे, हे कोणाला पटेना. कमरेपाशी पुढे आलेला हात त्यांच्या नळीत येतच नव्हता. हात तसाच लोंबकळत राहायचा आणि मग खिशात जायचा. "निवृत्त झाल्यापासून काका फार तुसडे झालेत," असं निशिगंधाने दोन-तीन ठिकाणी सांगितलं. दोन-तीन म्हणजे निशिगंधाच्या हिशेबाने. मालिनीताईंच्या कानावर ते आलं. त्या रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं.

सांगू या का आता लोकांना, असं त्यांनी एकदा विचारून पाहिलं.

"सांगितलं की लोक दंड धरायला येतात," आत्माराम म्हणाले. "मला नको कोणाचा हात दंडावर."

तो हिवाळा ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून होते. रेडिओ लावायचा आणि वाहतुकीच्या बातम्या ऐकायच्या. कोलोनच्या रिंगरोडवर किती किलोमीटरची कोंडी आहे, हे ज्या माणसाकडे गाडी नाही, लायसन्स नाही, त्याला तोंडपाठ. मालिनीताई कणीक मळताना त्यांच्याकडे बघायच्या. एवढं त्यांना कळलं होतं, की येत्या उन्हाळ्यातही हा माणूस या खुर्चीतून उठला नाही, तर पुढे तो उठणार नाही. पोरांना चालवत नेणारा माणूस खुर्चीत गोठून जाईल, आणि आपण कणीक मळत राहू.

म्हणून मार्चमध्ये, साठी उलटलेल्या मालिनीताई सायकल शिकायला गेल्या.

रविवारी सकाळी एका शाळेच्या अंगणात बायकांसाठी वर्ग चालतो. शिकवणारी फ्राऊ डोर्ते, गळ्यात शिट्टी. आधी पॅडलच काढून टाकतात आणि लहान मुलांसारखं पायांनी ढकलत फिरवतात. मालिनीताईंच्या बाजूला एक सीरियन आजी होती, तिला जर्मन येत नव्हतं, मालिनीताईंना अरबी येत नव्हतं, पण पडताना दोघी ज्या आवाजात ओरडायच्या तो एकच होता. पॅडल परत लागली तेव्हा आजी थेट कुंपणात गेली आणि मालिनीताई तिच्या अंगावर. कोपर फुटलं, हनुवटी निळी झाली.

"हे काय झालं?" निशिगंधाने विचारलं.

"जिन्यावरून पडले."

झालं. निशिगंधा तडक इमारतीची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरकडे गेली. इमारतीचा जिना घसरडा आहे, ज्येष्ठ नागरिक पडतात, उद्या कोणाचा जीव गेला म्हणजे? हाउसमाइस्टर घाबरला. त्याने प्रत्येक पायरीच्या कडेला खरखरीत पिवळी पट्टी चिकटवली आणि मालिनीताईंना एक कुंडी आणून दिली. मालिनीताई शरमेने अर्ध्या झाल्या. पण दुसऱ्या दिवशी आत्माराम जिना उतरले ते भिंत न चाचपता. पिवळी कड खाली कुठे आहे हे मान वाकवली की लख्ख दिसत होतं. आजही निशिगंधा त्या पट्ट्यांचं श्रेय घेते. घेऊ दे. तिचंच आहे ते.

मे महिन्यात टँडेम आली. मालिनीताईंनी ती तळघरातून मागच्या अंगणात ओढून काढली आणि आत्मारामांना खाली बोलावलं.

"हे काय?"

"टँडेम."

"ते दिसतंय मला. तेवढं दिसतं अजून. पुढे कोण बसणार?"

"मी."

"तुला कुठे सायकल येते?"

मालिनीताईंनी शेजारच्या मुलीची सायकल उभी होती ती घेतली आणि कचऱ्याच्या डब्यांभोवती फेरी मारली. कागदाचा डबा, ओल्याचा डबा, पिवळा डबा, वळण, परत. आत्माराम भिंतीला टेकून बघत होते. त्यांच्या नळीत बायको डावीकडून शिरायची, पदर कमरेला खोचलेला, ओठ घट्ट मिटलेले, आणि उजवीकडून नाहीशी व्हायची. मग थोडा वेळ नुसता विटांच्या भिंतीचा तुकडा. मग पुन्हा बायको.

"कधी शिकलीस?"

"तुम्ही रविवारी कोंड्या ऐकत होतात तेव्हा."

"म्हणजे ती हनुवटी..."

"जिना बिचारा निर्दोष आहे."

आत्माराम हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मग त्यांची नजर टँडेमकडे वळली. "लोक विचारतील, गुडघे दुखतात तो माणूस सायकल कशी चालवतो?"

"विचारतील."

"मग?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही म्हणालात म्हणून मी गुडघे सांगितले. पुढचं काही मी सांगणार नाही. मागे बसायचं की नाही, एवढं बोला."

ते बसले. पण अटी घालून. गावातून जायचं नाही. शनिवारी लोक ब्रोट्खन, म्हणजे सकाळचे ताजे पाव, आणायला बाहेर पडायच्या आत निघायचं. कोणी ओळखीचं दिसलं तर थांबायचं नाही.

पहिल्या दिवशी रोटे एर्डेलाच भांडण झालं. "एक, दोन, तीन" म्हणून निघायचं ठरलं, तर मालिनीताई तीनला निघाल्या आणि आत्माराम तीन संपल्यावर. सायकल जागच्या जागी कलंडली. कारखान्यात आयुष्य घालवलेला माणूस, त्याने तिथेच समन्वयावर व्याख्यान सुरू केलं. मालिनीताई म्हणाल्या, "मी 'चला' म्हणेन. तेव्हा चला." ते जमलं. मग त्यांचा हात सारखा ब्रेक शोधायचा, आणि ब्रेक पुढे मालिनीताईंच्या हातात. मागच्या माणसाला वळवताही येत नाही, थांबवताही येत नाही. रस्ता जिथे ओलांडायचा तिथे मधोमध एक खांब असतो. मालिनीताई "खांब!" म्हणून ओरडायच्या आणि मागे आत्माराम डोळे मिटून घ्यायचे, जणू दिसत होतं तेच फार होतं.

पण पुलापलीकडे कुरणं सुरू झाली तेव्हा मागून आवाज आला.

"डावीकडे काय आहे?"

"गाई."

"किती? कसल्या?"

"बऱ्याच. काळ्या-पांढऱ्या. एक आपल्याकडे बघतेय."

"कशी बघतेय?"

"निशिगंधासारखी."

या माणसाने इतक्या वर्षांत एवढे प्रश्न कधी विचारले नव्हते. घरात दोघांचं बोलणं म्हणजे दूध आणलं का आणि कचऱ्याचा डबा ठेवला का. आता मालिनीताईंना सांगत राहावं लागत होतं. कुठे सफरचंदाला मोहोर आहे, कुठे बाई घोड्याला खरारा करतेय, आभाळ कुठल्या बाजूने भरून आलंय. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला समोर काय दिसतं?"

"तुझी पाठ," आत्माराम म्हणाले. "अगदी स्पष्ट दिसते. ब्लाउजचं मागचं हूक निघालंय."

त्या दिवशी फ्राऊ क्लासेनचं गास्टहाउस गच्च भरलेलं होतं. सायकलवाले, कुत्री, मुलं. मालिनीताई सायकलीला कुलूप लावून आत येईपर्यंत आत्माराम सरळ चालत गेले आणि त्यांच्या नळीत पहिली जी रिकामी खुर्ची आली तिच्यात बसले. मालिनीताईंनी पाहिलं आणि त्या लगबगीने तिकडे निघाल्या. भट्टीजवळचं ते गोल टेबल, वर पितळेची पाटी. श्टामटिश. गावातल्या ठरलेल्या म्हाताऱ्यांचं टेबल. तिथे बाहेरचा माणूस बसत नाही. जागा रिकामी असली तरी बसत नाही. आपल्याकडे रिकामी खुर्ची म्हणजे बसा हो, त्यात काय एवढं. इथे नाही.

तीन म्हातारे ग्लासातून वर बघत होते. एवढ्यात चौथा आला, ज्याची ती खुर्ची होती. युप नावाचा, एके काळचा गवंडी, पंजे फावड्याएवढे. आल्या आल्या त्याने रिवाजाप्रमाणे बोटांच्या पेरांनी टेबलावर टकटक केलं. एकेकाचा हात धरत बसण्यापेक्षा इथे सगळ्यांना मिळून हा असा एक नमस्कार असतो. आत्मारामांना बाजूला कोण उभं आहे ते दिसलं नाही. टकटक मात्र ऐकू आली. कारखान्यातल्या केबिनची इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं, "हेराईन!" म्हणजे, या आत.

टेबल खदखदून हसलं. "युप, साहेब म्हणतायत आत ये!" युपही हसला, दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसला, आणि हात पुढे केला.

मालिनीताई जागीच थबकल्या. तो हात हवेत होता. कमरेपाशी. आत्माराम समोर बघून हसत होते. मंडळात जे व्हायचं तेच आता इथे होणार, हात खिशात जाणार, चेहरा बदलणार. त्या पुढे धावणार, इतक्यात युपने हात मागे घेतला, आत्मारामांच्या समोर टेबलावर ठेवला, आणि पुन्हा टकटक केलं. हळू. फक्त त्यांच्यासाठी.

"माझ्या आईचं असंच होतं," तो म्हणाला. "किती उरलंय?"

असं सरळ कोणी विचारलं नव्हतं. आत्मारामांनी मग अंगठा आणि तर्जनी जुळवून एक कडं केलं आणि डोळ्यासमोर धरलं. मग ते कडं आणखी लहान केलं. मालिनीताई मागे उभ्या होत्या. इतकं लहान आहे हे त्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. परक्या गवंड्याला, परक्या भाषेत, बिअरच्या टेबलावर सांगितलं. त्यांना रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही आवरून त्यांनी राइबकूखन मागवले.

"गेनाऊ, बरोब्बर," युप म्हणाला. "आईचंही तेवढंच उरलं होतं. पत्त्यांत मात्र शेवटपर्यंत हरली नाही."

त्यानंतर सगळा उन्हाळा दर शनिवारी आत्मारामांची खुर्ची श्टामटिशला ठरलेली. ज्याची टकटक कानावर पडेल त्याला ते नावाने हाक मारू लागले. हान्स एकदाच वाजवतो, कंजूष. पेटर दोनदा, मध्ये खोकतो. चटणी आता टेबलाखालून नाही, टेबलावरून फिरू लागली. घरी रेडिओ बंद पडला. फोनवर ध्रुव जर्मनमध्ये म्हणाला, "ममा, ईअर झाइट फररुक्ट!" तुम्ही दोघं वेडे आहात, आणि मग बराच वेळ फोन ठेवेना. पण आखनमध्ये मात्र अजून गुडघेच चालू होते. बुर्टशाइडच्या रस्त्यावर ते अजून समोर बघून हसत होते आणि लोकांचे हात अजून खिशात जात होते.

ऑक्टोबर आला. नवी पोरं आली. बातमी इतकी वाढली होती, की निशिगंधाला राहवेना. शनिवारची फेरी पुन्हा सुरू करू, असं तिनेच मंडळात काढलं. पूर्वी फेरीला येणारा जुना विद्यार्थी पुष्कर आता इथेच संशोधन करतो, त्याला पुढे घातलं, आणि दहा-बारा जणांना घेऊन ती चालत निघाली. कुठे टेकायचं? दुसरीकडे कशाला, नेहमीच्या ठिकाणी.

दार उघडलं आणि मराठीचा लोंढा आत आला. आत्मारामांचा ग्लास ओठापाशी थांबला. पुष्करचा आवाज, निशिगंधाचं हसू, सगळं त्यांनी ओळखलं. मालिनीताई त्यांच्या कानाशी वाकल्या. "फ्राऊ क्लासेनच्या स्वयंपाकघरातून मागे दार आहे. जायचं असेल तर आत्ताच."

आत्माराम उठले. मालिनीताईंना वाटलं, निघाले. गेला हा उन्हाळा. उद्यापासून पुन्हा खुर्ची आणि रेडिओ.

"अय्या, काका तुम्ही!" निशिगंधा पोचलीच. "गुडघे बरे झाले वाटतं?"

तिच्या शेजारचा अनय, पंधरा दिवसांपूर्वी लातूरहून आलेला, पुढे झाला. "नमस्कार सर, मी अनय." आणि हात पुढे केला. हात लोंबकळत राहिला. निशिगंधाने पुष्करकडे बघून भुवया उडवल्या, म्हणाले नव्हते मी?

"कोणी हात पुढे केला असेल तर राग मानू नका," आत्माराम म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता. "मला तो दिसत नाही. गुडघे ठणठणीत आहेत. डोळे गेलेत. समोरचं एवढंसं राहिलंय." त्यांनी कडं करून दाखवलं. "गुडघे मी सांगायला लावले, मालिनीचा दोष नाही. तेलं कोणाकोणाची आहेत त्यांनी घेऊन जा. एका बाटलीत थोडं कमी आहे."

अनयचा हात अजून पुढेच होता. भट्टीत लाकूड तडकलं.

"नमस्कार करायचाय ना?" आत्माराम म्हणाले. "इथे आम्ही असा करतो." आणि त्यांनी टेबलावर पेरं वाजवली.

अनयने हात खाली आणला आणि टेबलावर टकटक केलं. मग त्याच्या मागच्या मुलीने. मग एकेक करून सगळ्यांनी, कोणी एका बोटाने, कोणी मुठीने, एकाने तर चक्क तबल्यासारखं. युपला काय चाललंय ते कळलं असावं, त्याने आपला फावड्याएवढा पंजा घातला आणि ग्लास उडाले.

"हा पुष्कर," आत्माराम एका घाईघाईच्या टकटकीला म्हणाले. "अजून घाईत आहेस का रे? थीसिस दिलास का?"

"नाही सर," पुष्कर म्हणाला, आणि नाक पुसायला खिडकीकडे वळला.

खुर्च्या ओढल्या गेल्या. श्टामटिशवर तीन परकी पोरं कोंबली गेली आणि पितळेची पाटी कोणीतरी खिडकीत नेऊन ठेवली. आत्माराम अनयला विचारत होते, खोली मिळाली का, आनमेल्डुंगचं काय झालं, जेवतोस कुठे. अनय राइबकूखन खाता खाता एकेकाचं उत्तर देत होता.

निशिगंधा मालिनीताईंपाशी येऊन बसली. डोळे लाल झाले होते. जीभ अशी की गावभर फिरते, पण मन कापसाचं, हे कबूल करायला हवं.

"ताई, मी काय काय बोलले हो."

"ऐकलं मी. थोडं तिखटच होतं."

"सांगायचं नाहीत का एकदा? एवढा हिवाळा, ते घर, ती सायकल..." तिने मालिनीताईंचा हात धरला. "सगळं ओझं तुम्ही एकट्याच ओढताय की हो."

मालिनीताईंनी राडलरचा एक घोट घेतला. ग्लास आत्मारामांच्या हाताशी, त्यांना लागेल तिथे, सरकवला.

"कोण म्हणालं?" त्या म्हणाल्या. "टँडेमवर कधी बसली आहेस का तू? मागचा माणूस पॅडल मारतो गं. चढावर मी नुसतं हँडल धरते."